समीकरणाची उलटतपासणी

मुक्तस्रोत साधनांची बाजू घेणारे आणि त्यांना नाके मुरडणारे यांचे एका बाबतीत एकमत असते: दोघेही पैशांबद्दल बोलतात. एक म्हणतो, महागडे परवाने कशाला, तेच काम ओपनमॉडेलिका किंवा सिमपाय विनामूल्य करते. दुसरा म्हणतो, परवडत असेल तर चांगलेच घ्यावे, फुकटचे ते फुकटचेच. अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि त्याचा निकाल शेवटी त्या वर्षीच्या खरेदीच्या तरतुदीवर लागतो. दोन्ही बाजूंच्या तळाशी एकच समजूत आहे. एखाद्या यंत्राचे, विद्युत-मंडलाचे किंवा रासायनिक प्रक्रियेचे मॉडेल घेऊन त्यातून गणिती समीकरणे काढणे हे कारकुनी काम आहे, अशी ती समजूत. मग ते कोण किती स्वस्तात करतो एवढाच प्रश्न उरतो.

ही समजूत उथळ आहे. भौतिक मॉडेलचे चिन्हांच्या गणितात, म्हणजे आकडे भरण्याआधीच्या अक्षरांतल्या गणितात, रूपांतर करताना पावलोपावली निर्णय घ्यावे लागतात. कोणते समीकरण ठेवायचे, कोणते टाकायचे, कशाने भागायचे, काय शून्य नाही असे धरून चालायचे, हे ते निर्णय. त्यांतले बरेच भौतिकशास्त्राचे असतात आणि आज ते आपल्या वतीने एखादा प्रोग्राम घेतो. त्याने काय ठरवले हे पाहता आले नाही, तर हाती आलेल्या समीकरणाची जबाबदारी आपल्याला घेता येत नाही. साधन खुले हवे ते या कारणासाठी. ते विनामूल्य मिळते हा वरचा फायदा.

१. आकडे भरण्याआधी

आधी एका मूलभूत शंकेचा निकाल लावू. अक्षरे हवीतच कशाला? आज संगणक एवढे वेगवान आहेत की सरळ आकडे भरून सिम्युलेशन चालवावे.

खेळण्यातल्या गाडीत असते तशी छोटी डीसी मोटर घ्या. तिच्या वेटोळ्याला रोध आहे, रोटरला जडत्व आहे, बेअरिंगला थोडे घर्षण आहे. शिवाय तिचा एक मोटर-स्थिरांक आहे: विद्युतधारेला त्याने गुणले की टॉर्क मिळतो, आणि वेगाला त्यानेच गुणले की पुरवठ्याच्या विरोधात उभे राहणारे विभवांतर मिळते, ज्याला बॅक ईएमएफ म्हणतात. आकडे भरून मोटर चालवली की वेग वाढत जाऊन स्थिरावतो, असा वक्र पडद्यावर येतो. रोध बदलला की दुसरा वक्र, घर्षण बदलले की तिसरा. दुपारभरात पन्नास वक्र जमतात.

हेच अक्षरांत सोडवले, वेटोळ्याचे प्रवर्तन लहान म्हणून सोडून दिले, की घर्षणाच्या गुणकाशेजारी एक पद अधिक चिन्हासह येऊन बसते: मोटर-स्थिरांकाचा वर्ग भागिले रोध. याचा अर्थ विद्युत-मंडल रोटरला घर्षणासारखेच रोखून धरते. बेअरिंग आदर्श मानून घर्षण शून्य केले तरी हे पद उरते. म्हणून बिनघर्षणाची मोटरही अमर्याद वेग घेत नाही; पुरवठ्याचे विभवांतर भागिले मोटर-स्थिरांक, एवढ्या वेगावर ती स्थिरावते. बाहेरून रोध जोडून एकूण रोध दुप्पट केला तर हा विद्युत-ब्रेक निम्मा होतो. यासाठी एकही वक्र काढावा लागला नाही, आणि ही विधाने अशा प्रत्येक मोटरला लागू आहेत. वक्र पन्नास काढा की पाच हजार, ते तेवढ्याच मोटरींबद्दल बोलतात. त्यांवरून 'वर्ग' आणि 'भागिले' हाती लागेलही, पण ते नशिबाचे काम.

सिम्युलेशन नको असे मी म्हणत नाही. आकडा शेवटी लागतोच. मात्र अक्षरांची पायरी ओलांडून थेट आकड्यावर उडी मारणारा अभियंता, कुठला घटक कुठे काम करतो हे सांगू शकत नाही; त्याला फक्त काय होते तेवढे सांगता येते.

२. जोडणीतून समीकरण: दिशा कोण ठरवतो?

ओहमचा नियम तीन राशींमधले नाते सांगतो. कशावरून काय काढायचे हे तो सांगत नाही. रोधक विभवांतराच्या स्रोताला जोडला तर धारा काढायची. धारेच्या स्रोताला जोडला तर विभवांतर. वस्तू तीच, पण हिशेबाची दिशा उलटी. जुन्या सिम्युलेशन भाषांत आणि खोक्यांना बाण जोडून केलेल्या आकृत्यांत ही दिशा माणसाला आधीच ठरवावी लागे. मंडलात एक घटक वाढवला की अर्धी आकृती नव्याने काढा.

स्वीडनमधल्या लुंड इथे १९७८ साली हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी आपल्या प्रबंधात वेगळा मार्ग मांडला. डिमोला ही त्यांची भाषा. वापरणाऱ्याने प्रत्येक घटकाचे समीकरण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असते तसे लिहायचे. सगळी समीकरणे एकत्र करून कुठल्यातून काय सोडवायचे ते प्रोग्रामने चिन्हांच्या पातळीवर ठरवायचे. १९९७मध्ये याच विचारातून मॉडेलिका या भाषेची पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली. तिचा एक नियम फार व्यापक आहे. दोन टोके जोडली की एका प्रकारच्या राशी समान होतात आणि दुसऱ्या प्रकारच्या, वाहणाऱ्या राशींची बेरीज शून्य होते. विजेत हा किर्चहॉफचा नियम. यंत्रात जोडलेल्या टोकांची स्थाने समान आणि बलांची बेरीज शून्य. उष्णतेत तापमान समान आणि उष्णता-प्रवाहांची बेरीज शून्य. म्हणून एकाच मॉडेलमध्ये मोटर, गिअर आणि तापणारे वेटोळे सुखाने नांदतात.

याआधी १९५९मध्ये एमआयटीच्या हेन्री पेंटर यांनी बाँड ग्राफची कल्पना मांडली होती. तिच्यात प्रत्येक जोडणीवर दोन राशी असतात आणि त्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. देखणी कल्पना आहे. मॉडेलिकाने ती काटेकोरपणे पाळलेली नाही: तिच्या उष्णतेच्या जोडणीवर तापमान आणि उष्णता-प्रवाह असतात, आणि उष्णता-प्रवाह हीच शक्ती असल्याने गुणाकाराला शक्तीचा अर्थ उरत नाही. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकते. अभियंते तापमान आणि प्रवाह यांतच विचार करतात, म्हणून मला ते योग्य वाटते. पण कुणाला काय वाटते याहून महत्त्वाचे हे की हा निवाडा मॉडेलिकाच्या खुल्या प्रमाण-ग्रंथालयात ओळीओळीने वाचता येतो. वाद घालायचा तर कशाशी घालायचा ते समोर असते.

३. लंबकाचे न लिहिलेले समीकरण

निर्णयांचा खरा कस लंबकात लागतो.

कडक दांड्याच्या टोकाला वजन. कोन हा चल घेतला तर एक समीकरण पुरते. परंतु मोठ्या यंत्रात हजार भाग जोडलेले असतात, तिथे सोयीचा कोन कुणी शोधून देत नाही. प्रोग्रामला आडवे अंतर आणि उभे अंतर यांवरच काम करावे लागते. मग न्यूटनची दोन समीकरणे होतात आणि तिसरे भूमितीचे: दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज लांबीच्या वर्गाइतकी. अज्ञात राशी तीन: दोन अंतरे आणि दांड्यातला ताण.

तीन समीकरणे, तीन अज्ञाते, सगळे जमले असे वाटते. जमत नाही. भूमितीच्या समीकरणात ताण नाहीच, आणि ताणाच्या बदलाचा वेग सांगणारे समीकरण कुठेच नाही. ताण काढायचा तर भूमितीच्या समीकरणाचे दोनदा विकलन करावे लागते. पहिल्या विकलनातून कळते की वेग दांड्याला काटकोनात असला पाहिजे. दुसऱ्यातून त्वरण मिळते आणि त्यातून ताण. मॉडेल लिहिणाऱ्याने ही दोन समीकरणे कधी लिहिलीच नव्हती; ती पहिल्याच्या पोटात दडलेली होती. ताणाच्या बदलाचा वेग मिळवायला तिसरे विकलन लागते, म्हणून या प्रणालीचा निर्देशांक ३ आहे असे म्हणतात.

अशी मिश्र समीकरणे साध्या विकलक समीकरणांसारखी हाताळता येत नाहीत, हे लिंडा पेट्झोल्ड यांनी १९८२मध्ये ठासून सांगितले. कोणती समीकरणे किती वेळा विकलित करायची ते शोधणारी रीत कॉन्स्टंटिनोस पँटेलिडिस यांनी १९८८मध्ये दिली. आज मॉडेलिकाची जवळपास सगळी साधने तिच्यावर उभी आहेत.

इथून पुढे निर्णय सुरू होतात. विकलित समीकरण ठेवून मूळ भूमितीचे समीकरण टाकून दिले, तर गणित चालते, वक्रही छान येतो, पण आकडेमोडीतल्या बारीक चुका साचत जाऊन दांड्याची लांबी हळूहळू बदलू लागते. पोलादी दांडा पडद्यावर रबरासारखा ताणला जातो. दोन्ही ठेवली तर समीकरणे अज्ञातांपेक्षा जास्त होतात. यावर मॅट्सन आणि सोडरलिंड यांनी १९९३मध्ये तोड काढली: काही विकलिते ही विकलिते आहेत हे विसरून त्यांना नुसती बीजगणिती अज्ञाते मानायचे. मग प्रश्न उरतो, आडव्या अंतराचे विकलित खरे मानायचे की उभ्याचे? आडवे अंतर मुख्य धरले तर उभा वेग काढताना उभ्या अंतराने भागावे लागते. लंबक आडवा झाला की हे अंतर शून्य. छेदात शून्य आले की गणित कोसळते. मोठे हेलकावे घेणाऱ्या किंवा पूर्ण वर्तुळ फिरणाऱ्या लंबकासाठी प्रोग्रामला चालू गणितात मुख्य चल बदलावा लागतो.

आता सांगा, हे कारकुनी काम आहे? 'विकलन करा' ही आज्ञा यांत्रिक आहे हे खरे. परंतु काय टाकायचे आणि कशाने भागायचे यांवर उत्तराचा भौतिक अर्थ टिकतो किंवा बुडतो. बंद साधनात हे सगळे पडद्याआड उरकते आणि गणित कोसळले तर हाती एक त्रोटक संदेश येतो. ओपनमॉडेलिका या मॉडेलिकाच्या खुल्या साधनात यासाठी ट्रान्सफॉर्मेशनल डीबगर आहे: शेवटच्या समीकरणावर बोट ठेवले की ते मूळ मॉडेलच्या कुठल्या ओळीतून आले आणि वाटेत त्यावर कोणकोणत्या क्रिया झाल्या ते दिसते. माझ्या मते त्या साधनाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. त्याच्या जाहिरातीत मात्र तो शोधावा लागतो.

४. गृहीतके कुणी सांगितली?

चिन्हगणिताची दुसरी जोखीम सरळरूप देण्यात आहे. एखाद्या राशीच्या वर्गाचे वर्गमूळ म्हणजे ती राशी, असे शाळेत घाईत लिहिले जाते. राशी ऋण असेल तर ते चूक आहे. सिमपाय या चिन्हगणिताच्या खुल्या साधनाला नुसते एक अक्षर दिले तर ते हे रूप सरळ करायला नकार देते. राशी वास्तव आहे असे सांगितले तर निरपेक्ष मूल्य देते. धन आहे असे सांगितले तरच अक्षर मोकळे करते. वस्तुमान धन आहे, रोध धन आहे, लांबी धन आहे, हे आपल्याला इतके उघड वाटते की सांगायचे सुचत नाही. प्रोग्रामला ते सांगावे लागते. नवख्याला हा छळ वाटतो. मला ती शिस्त वाटते, कारण मॉडेलमागची भौतिक गृहीतके एकेक करून कागदावर येतात.

ही शिस्त सगळीकडे नाही, हेही सांगायला हवे. एखादी राशी भागिले तीच राशी, हे सिमपाय न विचारता १ करून टाकते. ती शून्य असेल का याची चौकशी करत नाही. साधे एकघाती समीकरण अक्षरांत सोडवायला दिले तर गुणकाने भागून मोकळे होते, गुणक शून्य असल्यास काय याबद्दल गप्प राहते. यंत्र एखाद्या विशिष्ट स्थितीत अडकते तेव्हा बहुधा असाच कुठलातरी गुणक शून्य झालेला असतो. म्हणजे ज्या स्थितीची काळजी करायला हवी, नेमकी तीच सामान्य उत्तरातून वगळली जाते. खुल्या साधनातही हा दोष आहे. फरक एवढाच की तो नियम उघड आहे, कुठे लागतो ते पाहता येते आणि त्यावर तोड काढता येते.

५. पावत्यांसह ताळेबंद

शार्ल-यूजेन देलोने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने चंद्राच्या गतीचा सिद्धांत पूर्णपणे अक्षरांत मांडला. सुमारे २० वर्षांचे काम, सगळे हाताने. १८६० आणि १८६७ साली दोन जाडजूड खंडांत ते छापले गेले. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९७०मध्ये, दप्री, आँरार आणि रॉम या तिघांनी बोइंगच्या संशोधन-प्रयोगशाळेत संगणकावर चिन्हगणित करून तेच काम पुन्हा तपासले. चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या.

ही गोष्ट नेहमी देलोनेच्या चिकाटीची किंवा संगणकाच्या वेगाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरेच महत्त्वाचे दिसते. चूक नेमकी कुठे झाली हे सांगता आले, कारण देलोनेने मधल्या पायऱ्या छापल्या होत्या. नुसते अंतिम सूत्र दिले असते तर 'तुमचे आणि आमचे जुळत नाही' इतकेच म्हणता आले असते. पावत्या न जोडता ताळेबंद सादर केला तर हिशेब-तपासनीस सही करत नाही. गणिताच्या साधनांना मात्र आपण ती सवलत सर्रास देतो.

दुसरे उदाहरण सायकलचे. हात न लावता सरळ चालत राहणाऱ्या सायकलची समीकरणे केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९मध्ये मांडली. पुढच्या शतकात ती अनेकांनी पुन्हा काढली, आणि काहींच्या मांडणीत चुका राहिल्या. अखेर २००७मध्ये मायार्ड, पापाडोपुलोस, रुइना आणि श्वाब यांनी जुने साहित्य चाळून समीकरणे नव्याने काढली आणि २५ राशींच्या ठरावीक किमतींसाठी अचूक आकडे प्रसिद्ध केले, इतरांनी आपले गणित त्यावर घासून पाहावे म्हणून. त्या किमतींची सायकल सेकंदाला सुमारे ४.३ ते ६ मीटर या वेगांत आपोआप तोल सांभाळते. सिमपायच्या यांत्रिकी विभागाच्या चाचण्यांत ही सायकल आहे. केन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीने गतीची समीकरणे काढायची आणि त्या प्रसिद्ध आकड्यांशी ताडून पाहायची. ती चाचणी सातारा किंवा सांगलीतल्या विद्यार्थ्यालाही चालवता येते, वाचता येते, आणि पटली नाही तर बदलून पाहता येते. 'आमचे उत्पादन विश्वासार्ह आहे' या माहितीपत्रकातल्या वाक्याला असा कुठलाच आधार नसतो.

६. आक्षेप

समीकरणे एवढी मोठी होतात की वाचणार कोण?

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. सहा सांध्यांच्या यंत्रमानवी हाताची गतीची समीकरणे पूर्ण विस्तारून लिहिली तर पदांची संख्या हजारांत जाते. पदावली फुगत जाणे हा चिन्हगणिताचा जुना रोग आहे. त्याहून खोल मर्यादाही आहेत. पाच किंवा अधिक घातांच्या समीकरणाला मूळचिन्हांतले सर्वसाधारण सूत्र नाही हे आबेलने १८२४मध्येच सिद्ध केले. म्हणजे बऱ्याच यंत्रांची नैसर्गिक वारंवारता अक्षरांत लिहिताच येत नाही. एखादी पदावली सर्वत्र शून्य आहे का, हे ठरवणारी सर्वसाधारण रीतच असू शकत नाही, हे रिचर्डसनने १९६८मध्ये दाखवले. साइन, घातांकी फल आणि निरपेक्ष मूल्य असलेल्या पदावल्यांनाही ते लागू पडते. तेव्हा 'सगळे अक्षरांत सोडवू' ही बढाई कुणी मारू नये.

पण मी वाचनीयता मागतो ती अंतिम पदावलीत नाही. हजार पदांचे समीकरण कुणी वाचत नाही. ज्या वीस-पंचवीस घटकांच्या समीकरणांतून ते आले ती वाचायची, आणि मधल्या पायऱ्या गरज पडेल तिथे उघडायच्या. शिवाय मोठ्या प्रणालीतही चिन्हे कामाला येतात. सामायिक भाग एकदाच मोजायचा, समीकरणांची विकलिते अचूक काढून द्यायची, कोणत्या समीकरणात कोणते चल नाहीच हे ओळखून गणित लहान तुकड्यांत फोडायचे, ही कामे संगणकाला वेगवान सी कोड लिहून देण्याआधी चिन्हांतच होतात. कॅसएडीआय हे साधन, ज्युलिया भाषेतले मॉडेलिंगटूलकिट आणि ओपनमॉडेलिका तिन्ही हेच करतात. वेगवान आकडेमोड आणि चिन्हगणित यांचे वैर ही कल्पनाच जुनी झाली.

उघडे असले तरी आत डोकावतो कोण?

फार थोडे. पण सगळ्यांनी वाचावे लागत नाही. पँटेलिडिसची रीत अमलात आणताना कुणी गफलत केली असेल, तर ती एका जिज्ञासू पीएचडी विद्यार्थ्याने पकडली तरी सर्वांसाठी दुरुस्त होते. बंद साधनात त्याला पकडायला वावच नसतो. तक्रार करायची आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची.

उद्योगांना गुपिते असतात.

असतातच, आणि ती ठेवण्याचा त्यांना हक्क आहे. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आपले मॉडेल बंद डबीत घालून गाडी बनवणाऱ्याला देते. एफएमआय या प्रमाणपद्धतीने ते सहज होते. डबीत समीकरणे दिसत नाहीत, फक्त आत-बाहेरचे आकडे दिसतात. मात्र गुपित मॉडेलचे आहे, रूपांतराच्या रीतीचे नाही. कुणी आपले पत्र बंद पाकिटात पाठवले म्हणून व्याकरणही गुप्त ठेवायचे काही कारण नाही.

खुली साधने कच्ची असतात.

काही बाबतींत हे खरे आहे. मोठ्या औद्योगिक ग्रंथालयांच्या बाबतीत ओपनमॉडेलिका अनेकदा डिमोला याच नावाच्या व्यापारी साधनाच्या मागे पडते. तिचे चुकांचे संदेश अजूनही नवशिक्याला रडवतात. ज्या कारखान्याला उद्या सकाळी उत्तर हवे त्याने व्यापारी साधन घेतले तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र त्या उत्तराचा उगम कुठेतरी खुल्या साधनात तपासून पाहण्याची सोय त्याने ठेवावी. एकच मॉडेलिका फाइल बहुतेक वेळा दोन्हीकडे चालते, कारण भाषेची व्याख्या सार्वजनिक आहे.

मुलांना हाताने समीकरणे काढता येणार नाहीत.

ही भीती प्रत्येक नव्या साधनाच्या वेळी निघते, आणि या वेळी ती उलट दिशेने खरी आहे. पायऱ्या न दाखवणारे साधन हात बसवू देत नाही. पायऱ्या दाखवणाऱ्याशी आपले हाताने काढलेले गणित ताडून पाहता येते. लंबकाचे विकलन दोनदा स्वतः केलेल्या मुलालाच प्रोग्राम काय करतो आहे ते समजेल, तेव्हा आधी वही आणि मग संगणक हा क्रम मी सोडणार नाही.

७. परवान्याहून दीर्घायुषी

टिकाऊपणाचा मुद्दा थोडक्यात. मॅक्सिमा हे चिन्हगणिताचे साधन १९६८पासून एमआयटीत घडत गेले. पुढे त्याची व्यापारी आवृत्ती निघाली. दुसरी शाखा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडे राहिली. तिची देखभाल टेक्सासचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी वर्षानुवर्षे एकट्याने केली आणि १९९८मध्ये ती खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळवली. शेल्टर २००१मध्ये वारले. व्यापारी शाखा बाजारातून गेली. खुली आजही चालू आहे. केनची रीत वापरणारे ऑटोलेव्ह हे साधनही आता जुन्या रूपात मिळत नाही, पण त्याच्या फायली वाचणारा भाग सिमपायमध्ये आहे. धरणाचा दरवाजा किंवा रेल्वेचा डबा यांची मॉडेले तीस-चाळीस वर्षे लागतात. परवाना तेवढा टिकत नाही.

८. आपल्याकडे

आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या निधीतून गेली अनेक वर्षे खुल्या साधनांच्या प्रसाराचे काम करतो आहे. ओपनमॉडेलिकामध्ये रासायनिक प्रक्रियांची मॉडेले, ई-सिम हे मंडल-रचनेचे साधन, पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून पुन्हा लिहून घेणे, हे सगळे त्यातले. स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमामुळे अशा साधनांचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. काम मोलाचे आहे. तक्रार एकच: बाहेर प्रचार होतो तो खर्चाच्या बचतीचा. पैसे वाचतात म्हणून आलेले महाविद्यालय, पैसे आले की निघून जाते.

विद्यापीठांचे अभ्यासक्रम तर अजून वक्रांच्या पलीकडे जात नाहीत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-अहवालात पानेच्या पाने आलेख असतात आणि समीकरणे पाठ्यपुस्तकातून उतरवलेली असतात. त्या दोघांमधला दुवा, म्हणजे हे समीकरण या आलेखापर्यंत कसे पोचले, अहवालात नसतो, आणि परीक्षक तो विचारत नाहीत.

हे बदलायला निधी लागत नाही की शासन-निर्णय. मार्गदर्शक प्राध्यापकांनी या वर्षीपासून अहवालासोबत तीन गोष्टी मागाव्यात: मॉडेलची मूळ फाइल, गृहीतकांची यादी, आणि समीकरण काढणारी अशी स्क्रिप्ट जी परीक्षकाला आपल्या संगणकावर चालवता येईल. मग तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा: या छेदातली राशी शून्य झाली तर काय होईल?